पादुकांवरचा हात

चाकरीत पंचनामे किती केले त्याचा हिशेब नाही, त्यातले बहुतेक विसरूनही गेलो. पण विठोबाच्या पादुकांचं ते प्रकरण काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दुपारी जेवून आरामखुर्चीत पडलो आणि डोळा लागायला आला की नेमके तेच दिवस येतात. रस्त्याच्या कडेच्या होंगेच्या झाडांनी, म्हणजे आपल्या करंजांनी, फुलांचा सडा घातलेला असतो. त्या पांढऱ्या-जांभळ्या सड्यावरून एक बाई अनवाणी चालत येते. तिच्या डोक्यावर पितळी ताट असतं, मागे अख्खी गल्ली असते आणि कुणाचाही आवाज येत नाही. बायको म्हणते, "झोपेत हसता कशाला?" काय सांगणार तिला!

मी म्हैसूरचाच. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. नावं कुणाचीच लिहिणार नाही; माणसं अजून आहेत आणि रोज एकमेकांची तोंडं बघतात.

महानगरपालिकेची निवडणूक होती. निवडणूक आली की लोकांना उत्सव आणि आमच्या डोक्याला ताप. परवान्याची हत्यारं जमा करून घ्या, जुन्या गुंडांना बोलावून चांगल्या वागणुकीची हमी लिहून घ्या, आचारसंहिता लागली म्हणून फलक उतरवा, आणि उतरवले की "आमचेच का उतरवले?" म्हणून शिव्या खा. त्यात आमच्या हद्दीतला एक वॉर्ड त्या खेपेला महिलांसाठी राखीव झाला होता. अग्रहाराजवळची शिंप्यांची एक गल्ली त्याच वॉर्डात येत होती. सगळी मराठी बोलणारी, विठ्ठलाची भक्त मंडळी. गल्लीच्या टोकाला त्यांचं छोटं देऊळ.

त्या देवळाचे अध्यक्ष एका सकाळी ठाण्यात आले. सहसा कडक इस्त्रीत असणारा माणूस, त्या दिवशी सदऱ्याची बटणंसुद्धा वरखाली लागलेली.

"सार, घात झाला. विठोबाच्या पादुका गेल्या!"

चांदीच्या पादुका. त्यांचे पूर्वज उत्तरेकडून पोटामागे इकडे आले तेव्हा बरोबर आणलेल्या. मी हेड कॉन्स्टेबलला घेऊन गेलो. हा माझा हेड कॉन्स्टेबल पक्का कन्नडिगा, पण मराठी मुलखातल्या माणसासारखा विठ्ठल विठ्ठल म्हणणारा. देवळाचं कुलूप शाबूत होतं. देवावरची चांदीची छत्री जागच्या जागी, चांदीची घंटाही जागच्या जागी.

हेड कॉन्स्टेबल माझ्या कानाशी लागला. "सार, छत्री सोडून पादुका नेणारा चोर मी तरी पाहिला नाही."

मीही पाहिला नव्हता. तरी रीत म्हणून सराफांना आणि गिरवीवाल्यांना खबर दिली. चार दिवस गेले, चांदी कुठंच उतरली नाही. अध्यक्ष मात्र एकच धोशा लावून बसले होते.

"सार, ही सुम्ने चोरी नाही. उगाच कुणी पादुका नेत नाही. हे पॉलिटिक्स आहे!"

पॉलिटिक्स कसलं, ते त्यांनीच मंडपात बसून सांगितलं, आणि अगदी अभिमानानं सांगितलं. राजांच्या अमदानीत नगरपालिकेचं मत घरपट्टी भरणाऱ्यालाच असे. गल्लीत स्वतःचं घर असलेली माणसं मोजकीच. एकेकटा गेला तर कोण विचारतो? म्हणून त्या मंडळींनी ठरवलं, मतं एकगठ्ठा टाकायची. निवडणुकीआधीच्या एकादशीला पादुका गाभाऱ्यातून मंडपात आणायच्या, त्यांच्यावर हात ठेवून ठरलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. गाभाऱ्यात पुजाऱ्याशिवाय कुणी जात नाही, हा इकडचा रिवाज. त्यामुळे लोकांचा हात पोचेल असा देव म्हणजे त्या पादुकाच. त्या एकीच्या जोरावर गल्लीला नळ आला, दिवा आला, गटारावर फरशा आल्या. पुढं स्वराज्य झालं, सगळ्या सज्ञान माणसांना मत मिळालं, बायकांनाही मिळालं. मग बायकांनीही पादुकांवर हात ठेवायचा, असं ठरलं. मत हातात आलं आणि त्याच दिवशी गहाण पडलं! पण हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी मान डोलावत काफी पीत होतो.

यंदा अध्यक्षांनी एका मोठ्या पक्षाच्या उमेदवारबाईंना शब्द दिलेला. पण गल्लीतलीच एक शिंपीण अपक्ष म्हणून उभी राहिली होती. ब्लाऊज शिवणारी, तोंडाची फटकळ, कुणाच्या बाळंतपणाला नाही तर मयताला पहिली हजर. एकादशी दोन दिवसांवर आली होती. पादुका नाहीत तर शपथ नाही. शपथ नाही तर गल्ली हातातून गेली.

"नवीन पादुका करून घ्या," मी म्हणालो.

"आणि त्यात देव कोण घालणार, सार? तुम्ही?" अध्यक्ष भडकले. बरोबरच होतं त्यांचं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. अपक्ष शिंपिणीचा नवरा चोरीच्या आदल्या सांजेला देवळातून गाठोडं घेऊन निघताना दिसला म्हणे. निनावी खबर ही शिळ्या भाकरीसारखी असते, भूक असेल तर खावी लागते. मी त्याला लष्कर मोहल्ल्यातल्या दुकानातून बोलावून घेतलं.

माणूस किरकोळ, गळ्यात तुळशीची माळ, बोटाला अंगुस्तान तसंच.

"गाठोडं नेलंस का?"

"नेलं की."

"काय होतं त्यात?"

"मंडपाचा जुना पडदा. मापाला नेला. दुकानात आहे, बघून या."

माणूस पाठवला. पडदा होता. पण पडद्यात आणखी काय गुंडाळलं होतं, हे पडदा थोडाच सांगणार! मी आवाज चढवला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच कसंतरी झालं.

"सार, मी माळकरी. माझ्या घरात उपास पडतील, पण मी देवाच्या पायांतलं काढीन?"

इतक्या वर्षांत एक गोष्ट पाहिली आहे. खरा चोर आधी हिशेब देतो, मी अमक्या वेळी अमक्या ठिकाणी होतो म्हणून. निरपराध माणसाला आधी अपमान लागतो, हिशेब तो नंतर देतो. हा रडायला आला होता. पण सोडून दिला असता तर अध्यक्षांची माणसं रस्त्यावर आली असती, आणि मतदान तोंडावर. मी म्हणालो, "बस इथं, चौकशी संपेपर्यंत." अटक नव्हे, पण बाहेरच्या माणसाला हा फरक कळत नाही. तासाभरात वॉर्डात बोभाटा झाला की अपक्षबाईचा नवरा देवाच्या चोरीत धरला.

ती बाई प्रचार सोडून ठाण्याच्या बाकावर येऊन बसली. बरोबर कुणाचातरी ब्लाऊज. हुक लावत बसली. मी जाता-येता बघत होतो. शेवटी ती म्हणाली, "सार, पडायचं ते पडेन मी. पण ह्यांना चोर म्हणून घरी न्यायला लावू नका. मुलीची सोयरीक चालू आहे."

हे मला लागलं. निवडणूक काय, येते आणि जाते. गल्लीत एकदा चोर म्हटलं की नातवंडांपर्यंत पुसलं जात नाही.

कुलूप शाबूत म्हणजे किल्लीचा प्रश्न. पुरवणी जबाब घ्यायचा म्हणून मी अध्यक्षांच्या घरी गेलो. दुपारची वेळ. त्या गल्लीतून चालणं म्हणजे एका मोठ्या शिवणयंत्राच्या पोटातून चालणं. निवडणुकीचे दिवस, दारोदार झेंडे शिवणं चाललेलं. एकाच ओट्यावर तीन पक्षांचे झेंडे एकमेकांवर पडलेले, आणि शिवणारा कुणाचाच नाही. रंगीत कापडाचे तुकडे वाऱ्यावर पायांत येत होते, उन्हात धूळ सोन्यासारखी तरंगत होती. मला तर गुंगी आल्यासारखं झालं, आपण तपासाला आलोय की कुठल्या जत्रेला, हेही क्षणभर कळेना.

अध्यक्षांच्या घरात मात्र शांत होतं. इतकं शांत, की तेच कानाला खुपलं.

त्यांची बायको काफी घेऊन आली. पन्नाशीची, कपाळभर कुंकू, हळू बोलणारी. मी आपला खिडकीजवळच्या खुर्चीत ऐसपैस बसलो, पाय पसरून. समोर कोपऱ्यात शिवणाचं मशीन होतं. डोकं आत मिटून ठेवता येतं, तसं लाकडी पेटीचं जुनं मशीन. वर धुतलेलं रेशमी कापड अंथरलेलं.

"अय्यो, तिथं नको सार," ती गडबडीनं म्हणाली. "इकडं बसा. इकडं वारं येतं."

मी उठून दुसऱ्या खुर्चीत बसलो. वारं काही येत नव्हतं. आलं ते एवढंच, की माझे पाय आता मशीनकडे नव्हते.

"मशीन बंद?" मी सहज विचारलं. "ह्या दिवसांत?"

"बिघडलंय म्हणते," अध्यक्ष किल्ल्यांचा जुडगा शोधत म्हणाले. "मला कुठं वेळ आहे बघायला!"

शिंप्यांच्या गल्लीत मशीन बिघडतं, झेंड्यांची घाई असते, आणि शेजारच्या कुणालाही हाक जात नाही! जमिनीवर मशीनपुढं रांगोळीचं एक बारीकसं स्वस्तिक होतं. आणि बुक्क्याचा वास. देवघर आतल्या खोलीत, वास मात्र या कोपऱ्यात. ती बाई खोलीतून गेली तेव्हाही मशीनला पाठ न दाखवता गेली, देवळातून बाहेर पडतो ना आपण, तशी.

काखेत कळसा नि गावाला वळसा! फिर्यादीच्याच घरात मुद्देमाल बसला होता, आणि नुसता बसला नव्हता, त्याची रोज पूजा होत होती.

मला तेव्हाच कापड उचलता आलं असतं. हात पुढं झालाही होता. पण का कोण जाणे, मी कप ठेवला आणि अध्यक्षांना म्हणालो, जरा मोठ्यानं, "तो अपक्षबाईचा नवरा कबूल होत नाही अजून. बघू या. उद्या कोर्टापुढं न्यावा लागेल बहुतेक. त्याची बायको बिचारी बाकावर बसून आहे सकाळपासून."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मी निरोप घेऊन निघालो. पोलिसाला दोन हत्यारं असतात, एक बोलणं आणि दुसरं बोलून निघून जाणं. दुसरं जास्त चालतं.

उन्हं कलायच्या आधीच ती आली. मी सुरुवातीला सांगितलं तशी. होंगेच्या फुलांवरून, अनवाणी, डोक्यावर ताट, ताटावर तेच रेशमी कापड. मागे गल्ली. मशीनं थांबलेली असणार, कारण खरोखर कुठूनच आवाज नव्हता. ठाण्याच्या पायरीवर ती थांबली, तेव्हा माझा पहारेकरी संगीन घेऊन सावधान उभा राहिला आणि हेड कॉन्स्टेबलनं सरळ बूट काढले. मी खुर्चीतून कधी उठलो, मला आठवत नाही.

तिनं ताट माझ्या टेबलावर ठेवलं. "त्यांना सोडा सार. मी नेल्या पादुका."

महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवून जबाब घेतला. पुजारी देवाची चांदी गाभाऱ्यातून मंडपात काढून देई, घासायचं काम तिचंच, त्यामुळे किल्ली तिच्याच हाती. एवढं लिहून झाल्यावर मी लेखणी ठेवली आणि विचारलं, "वहिनी, का?"

ती बोलायला लागली, तर थांबेना.

"लग्न होऊन आले तेव्हापासून दर निवडणुकीला पहिला हात माझा. अध्यक्षांच्या घरचा म्हणून. मग बाकीच्या बायका. मत द्यायला जाते, शाई माझ्या बोटाला लागते, पण बोट माझं नसतं हो! यंदा मला वाटलं, आपण स्वतः ठरवावं. एकदा तरी. पण शपथ घेतली तर मोडू कशी? विठोबाशी खोटं बोलू? आणि शपथ घेणार नाही म्हणायची छाती नाही. ह्यांच्या तोंडावर कधी 'बेड', नको, असं म्हटलं नाही मी. काफी नको असली तरी पिते. मग विठोबालाच म्हटलं, चल बाबा, मतदान होईपर्यंत माझ्याकडे पाहुणा राहा. तू नसलास तर मला कुणी काही विचारणार नाही. रोज नैवेद्य दाखवला सार, एक दिवस चुकवला नाही. दुसऱ्याच्या गळ्यात येईल हे नाही आलं डोक्यात. ते चुकलं."

महिला कॉन्स्टेबल डोळे पुसत होती. मी खिडकीतून बाहेर बघितलं.

तेवढ्यात अध्यक्ष आले. बायकोला बघितलं, ताट बघितलं आणि बाकावर धपकन बसले. हात दाखवून अवलक्षण झालं होतं. चोराला फासावर द्या म्हणून त्यांनीच टेबल बडवलं होतं ना!

"सार," ते म्हणाले, "कंप्लेंट वापस घेतो. घरातलाच मामला. पादुका द्या, उद्या एकादशी आहे."

"गुन्हा दाखल झालाय, अध्यक्ष. पादुका आता मुद्देमाल. कोर्टाचा हुकूम झाल्याशिवाय मला हलवता येणार नाहीत."

"निदान उद्या सकाळपुरत्या?"

मग मात्र माझा पारा चढला. "कशासाठी? शपथेसाठी? देवाच्या कोपाचा धाक घालून मत मागणं हासुद्धा कायद्यानं गुन्हा आहे, ठाऊक आहे का? अदखलपात्र आहे, म्हणून मी तुम्हाला बेड्या घालत नाही. पण मॅजिस्ट्रेटकडे जायला मला आळस नाही!"

अध्यक्षांनी ताटाकडे बघून हात जोडले. वाईट माणूस नव्हता. गल्लीचा नळ, गल्लीचा दिवा, सगळं त्या एकीतून आलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यांना खरंच वाटत होतं की आपण राखण करतोय. खाली मान घालून ते बायकोला म्हणाले, "मला सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं?" ती म्हणाली.

मी पादुका पंचांसमक्ष जप्त केल्या. त्या शिंप्याला सगळ्या गल्लीपुढं हात धरून पायरीपर्यंत सोडलं आणि मोठ्यानं सांगितलं, "ह्याचा काही संबंध नाही. चूक आमची." बाईंना अटक केली नाही. अटक करायलाच हवी असं कायदा म्हणत नाही, नोटीस देऊन भागतं. पुढं अप्रामाणिक हेतू दिसत नाही म्हणून कोर्टात बी रिपोर्ट पाठवला, म्हणजे गुन्हा सिद्ध होत नाही असा आमच्याकडचा शेवटचा अहवाल. तो मान्य झाला.

मतदान होईपर्यंत विठोबा आमच्या मालखान्यात राहिला. दारूच्या जप्त बाटल्या आणि सुरे हेड कॉन्स्टेबलनं दुसऱ्या कपाटात हलवले, एक फळी धुऊन पुसून घेतली. रोज सकाळी तिथं तुळशीचं पान दिसे. कोण ठेवतं, याची मी चौकशी केली नाही. ठाण्यात त्या दिवसांत शिवीगाळ कमी झाली, हे मात्र खरं. आरोपीला 'अहो' म्हणताना मी माझ्या एका शिपायाला स्वतःच्या कानांनी ऐकलं.

मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या फाटकावर बंदोबस्ताला होतो. अध्यक्ष आणि वहिनी बरोबर आली. बायकांची रांग वेगळी. आत गेली तशीच ती शांतपणे बाहेर आली. अध्यक्ष वाट बघत उभे होते. राहवेना त्यांना.

"कुणाला घातलंस?"

"सरकारनं पडदा कशाला लावलाय मग?" एवढं म्हणून ती पुढं चालायला लागली. तिच्या मागून ते. त्या गल्लीत नवरा बायकोच्या मागून चालताना मी पहिल्यांदाच पाहिला.

अपक्ष शिंपीण पडली. मोठ्या पक्षाच्या बाई आल्या. पण त्या गल्लीची मतं पहिल्यांदाच विखुरली, असं मोजणीला बसलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी सांगितलं. अध्यक्ष कितीतरी दिवस "गल्ली फुटली" म्हणून हळहळत होते. ती काही फुटली नाही. नळाला पाणी येतच होतं, मयताला सगळे खांदा देतच होते.

मला मतदानाचा अर्थ बंदोबस्तापुरता ठाऊक होता: पेटी नीट पोचली, मारामारी झाली नाही, संपलं. माणसाला मत कायदा देतो. ते वापरायची मोकळीक मात्र घरातल्या घरात, देवळातल्या देवळात मिळवावी लागते, आणि तिथं पोलीस बंदोबस्त नसतो. हे मला त्या बाईनं शिकवलं. खात्याच्या कुठल्याही प्रशिक्षणात नाही शिकलो.

कोर्टाचा हुकूम झाल्यावर पादुका परत द्यायला मी स्वतः गेलो. देवळात भजन चाललं होतं. गर्दी ओसरल्यावर तिनं माझ्या हातावर प्रसाद ठेवला. मी जरा हसून, दिलासा द्यावा म्हणून म्हणालो, "वहिनी, तुमची ती शिंपीण पडली. एवढं करून तुमचं मत वाया गेलं. वाईट वाटलं मला."

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत अगदी मिस्कील हसू होतं.

"मी तिला मत दिलं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मग मोठ्या पक्षाच्या बाईंना? नवऱ्यानं सांगितलेल्यांनाच? मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "विचारू नका सार. विठोबालासुद्धा माहीत नाही. तो तेव्हा तुमच्या ठाण्यात होता."

मी प्रसाद तोंडात टाकला. त्या सगळ्या तपासात एवढी एकच गोष्ट मला कधी कळली नाही. ती कुणालाच कळू नये, यासाठीच तर तिनं देव घरी नेला होता.